पुढचा चाप

हेमलता टीचरच्या नाकावर राग असतो, असं चेन्नईच्या वेस्ट मांबलममधले लोक म्हणतात. चूक. नाकावरचा राग येतो आणि जातो. हिचा राग घरजावयासारखा ठाण मांडून बसलेला. रस्ता खणून तसाच टाकणारा मुकादम, गॅसची टाकी आणून जिन्याखाली सोडून जाणारा माणूस, शाळेतल्या मुख्याध्यापिका, सगळ्यांनी तिच्या तोंडाचा पट्टा अनुभवलेला. नवरा शेषगिरी गुम्मिडिपूंडीच्या एका कारखान्यात हिशेब बघतो. अंधारातच डबा घेऊन निघतो, दिवेलागणीला परत येतो. "बायको ओरडते आहे ना, मग तब्येत ठणठणीत आहे समजायचं," असं तो शेजाऱ्यांना सांगतो. भला माणूस.

पण उगाच कुणी रागावत नसतं हो. पोटात काही सलत असल्याशिवाय तोंडातून आग येत नाही. हेमलताला सलत होती ती एक दुनळी बंदूक.

बंदूक अप्पांची. अप्पा म्हणजे तिचे वडील, मानाजीराव, वय चौऱ्याऐंशी. तंजावरचं मराठा घराणं. घरात मराठी, दाराबाहेर तमिळ, आणि भांडायचं झालं तर दोन्ही. पणजोबांच्या वेळची ती बंदूक अजून अशी लखलखीत, की बघणाऱ्यानं हात पुसून मग हात लावावा. दोन नळ्या शेजारी-शेजारी आणि खाली दोन चाप, एकामागे एक. पुढचा दाबला की उजव्या नळीचा बार उडतो, मागचा दाबला की डावीचा.

लहानपणी गावाकडच्या बांधावर अप्पा दोन्ही पोरांना नेम शिकवायचे. थोरली हेमलता, पाठचा बालाजी. बालाजीला दोन काडतुसं, हिला एक. "पोरीच्या जातीस एक बार पुरे," अप्पा म्हणायचे. आणि गंमत बघा, डबा उडायचा तो हिच्याच एका बारात. बालाजीचे दोन्ही बार आभाळाला लागायचे. पण काडतूस वाढलं नाही ते नाहीच. चाप कसा दाबायचा ते मात्र अप्पांनी मनापासून शिकवलं. "पिळूं नको गे. ही रायफल नव्हे. टिचकी मारावी तसा दाबायचा. डोळा निशाणावर. चापाकडे पाहिलंस की गेलं." तेवढं तिच्या बोटात कायमचं बसलं. मागच्या चापाला मात्र भरलेल्या बंदुकीवर तिचं बोट कधी लागलंच नव्हतं.

मग काय व्हायचं ते झालं. लग्न, शाळा, गणिताच्या वह्या, आईचं आजारपण. बालाजी शिकला, सिरुसेरीच्या एका मोठ्या कंपनीत साहेब झाला, तिकडेच बंगला बांधला. अप्पा हेमलताच्या वरच्या मजल्यावर राहिले. त्यांचं पथ्य, औषधं, पाठीला तेल, डॉक्टर, सगळं हिच्याकडे. बालाजी रविवारी यायचा, "अक्का, अप्पा जरा रोड वाटतात" म्हणायचा आणि जेवून जायचा. तिला तिथंच त्याच्या डोक्यावर ताट उपडं करावंसं वाटायचं.

तीनेक वर्षांपूर्वी तिनं अप्पांना नेमबाजी क्लबच्या रेंजवर न्यायला सुरुवात केली. म्हाताऱ्याला हवापालट, असं सांगून. खरं तर तिलाच जायचं होतं. अप्पा शेडखाली खुर्चीत बसायचे, लायसन्स त्यांच्या खिशात, आणि बंदूक हिच्या खांद्याला. "पुल!" अशी आरोळी दिली की खड्ड्यातल्या यंत्रातून मातीची चकती सुटते आणि लांब पळते. ती हवेत असताना फोडायची. पहिल्या बाराला फुटली तर फुटली, नाही तर दुसरा बार. हेमलता लहानपणच्या सवयीनं काडतूस एकच भरायची, आणि त्या पहिल्याच बाराला पुष्कळ चकत्या फोडायची. तेवढा वेळ तिचा आवाज बंद असायचा. शेषगिरी एकदा सोबत आला होता, तो बघतच राहिला. ही बाई इतका वेळ कुणावरच ओरडली नाही!

आता मूळ गोष्ट. अप्पांचे हात थरथरायला लागले. लायसन्स वारसाच्या नावावर करायचं ठरलं. दोन वारस, एकाच्या नावावर व्हायचं तर दुसऱ्याची सही लागते. रविवारच्या जेवणात विषय निघाला. बालाजी म्हणाला, "माझ्या हॉलमध्ये काचेच्या कपाटात छान दिसेल, लाइट सोडून."

"कपाटात?" हेमलतानं वाढता वाढता पळी खाली ठेवली. "बंदूक आहे ती, बाहुली नव्हे. अप्पा, मी चालवते. मला द्या."

अप्पांनी ताकाचा घोट घेतला. मग म्हणाले, "अर्धी बंदूक चालवतेस तू. एक चाप. दोन्ही चाप चालवून दाखीव, मग तुझी."

"शब्द?"

"शब्द."

बघा म्हणजे. ज्यानं जन्मभर एकच काडतूस दिलं, तोच म्हणतो अर्धीच चालवतेस. चोराच्या उलट्या बोंबा! पण हेमलतानं तो शब्द पदरात बांधून घेतला. बंदूक मिळणार, फक्त मागचा चाप शिकायचा. त्यात काय मोठं?

त्याच सुमारास क्लबात नवे कोच आले होते. उदयसिंह नाव, साताऱ्याकडचे, फौजेतून निवृत्त. चेन्नईत मराठी बोलणारी शिष्या मिळाली म्हणून गडी हरखून गेला. पहिल्याच दिवशी म्हणाला, "ताई, तुमचं मराठी ऐकून आमच्या आज्याच्या आज्याशी बोलल्यासारखं वाटतं."

"तुमच्या आज्याच्या आज्याला मराठी येत होतं तर," हेमलता म्हणाली. तो गडगडून हसला. ती हसली नाही. तमिळ लोक तिला मराठी म्हणणार, मराठी लोक तिला म्यूझियममधली समजणार, आणि तिनं हसायचं?

पहिल्या आठवड्यात कोचनं एक खोड काढली. "चाप दाबता आणि चटका बसल्यासारखं बोट उचलता. दाबलात की बार होईस्तोवर राहू द्या बोट." हेमलतानं ते डोक्यात ठेवलं. मग दुसऱ्या बाराची तालीम सुरू झाली. पहिला बार मुद्दाम चकतीच्या बाजूला सोडायचा आणि लगेच दुसऱ्यानं चकती फोडायची.

"पुल!"

चकती सुटली. पहिला बार बाजूला गेला. मागून कोच ओरडला, "पुढचा! पुढचा!"

हेमलतानं दात-ओठ खाऊन पुढचा चाप दाबला. रिकामी नळी. चाप ढिला, मेलेला. तिला वाटलं, अजून त्या उचललेल्या बोटावरूनच बोलतोय हा. पुढचा चाप नीट दाबला नाही म्हणतोय. तिनं आणखी जोरानं दाबला. मागच्याची आठवण झाली तोवर चकती गवतात पडली होती.

"अहो ताई, पुढचा म्हणालो ना!"

"पुढचाच दाबला की!"

कोचनं बंदूक उघडली. डावीकडचं काडतूस जसंच्या तसं. "मग हे काय आहे?"

"तुम्ही ओरडता म्हणून होतंय हे!"

"ओरडू नको तर काय ओव्या गाऊ?"

असं एकदा नव्हे, रविवारमागून रविवार. तो "पुढचा" ओरडायचा, ती पुढचा दाबायची, चकती गवतात. तो म्हणायचा, ही बाई हट्टी. ती म्हणायची, हा माणूस आंधळा. विचारायचं कुणी कुणाला? विचारणं तिच्या स्वभावात नव्हतं, भांडणं होतं. आणि कोच पडला फौजी, त्याला हुकूम माहीत. एकदा तर मधलं बोट चापाच्या कड्यावर आपटून काळंनिळं झालं. दुसऱ्या दिवशी फळ्यावर खडू धरताना ठणका लागला, तेव्हा तिनं सातवीच्या वर्गावर असा राग काढला, की पोरं मधल्या सुट्टीतसुद्धा जागेवरून हलली नाहीत.

हे सगळं अप्पा शेडखालून बघत होते. एक अक्षर बोलत नव्हते.

शेवटी एका रविवारी कोच अप्पांच्या खुर्चीपाशी गेला आणि हळू आवाजात म्हणाला, "काका, स्पष्ट सांगतो. ताईंचा नेम चांगला आहे. पण पहिल्या बारानंतर बोट गोठतं. दोन चापांची बंदूक त्यांच्याच्यानं व्हायची नाही. एका चापाची घ्या म्हणावं, तोच चाप दोनदा दाबायचा. ती जमेल."

"बरं," अप्पा म्हणाले. "मग ही बालाजीस जाईल."

हेमलता काडतुसांची टरफलं गोळा करत होती. तिनं ते ऐकलं. तळपायाची आग मस्तकात गेली. एवढ्या खटाटोपानंतर शेवटी काय, तर काचेचं कपाट आणि लाइट! ती तरातरा कोचसमोर येऊन उभी राहिली.

"गोठतं म्हणे! माझं बोट गोठतं म्हणे! उचलली जीभ लावली टाळ्याला!"

"ताई, शांत व्हा. आज पुरे. आपण पुढच्या रविवारी निवांत बोलू."

"कुठल्या?"

"पुढच्या."

"पुढल्या आइतवारी म्हंजे कधीं?" रागात तिचं घरचं मराठी बाहेर आलं.

"म्हणजे ह्याच्यानंतरच्या. आता येईल त्या. पुढचा म्हणजे नंतरचा, नाही का?"

हेमलतानं टेकून ठेवलेल्या बंदुकीच्या दोन चापांकडे पाहिलं. तिच्या घरात पुढलं म्हणजे तोंडासमोरचं, बस्स. नंतर येणारं ते मागलं. मागनं जेवूं, मागनं बोलूं, मागनं येणारी गाडी. तमिळमध्येही तसंच. जे नंतर येतं ते पाठीमागून येतं. हा माणूस इतके आठवडे तिच्या कानाशी "नंतरचा, नंतरचा" म्हणून ओरडत होता, आणि ती इमानदारीनं समोरचा मेलेला चाप दाबत बसली होती!

"अय्यय्यो," ती म्हणाली. मग दुप्पट आवाजात, "अहो, मग मागचा म्हणा ना! मागचा चाप आहे तो, मागचा! देवानं मागं बसवलाय त्याला, पुढचा कसा होईल तो?"

कोचच्या डोक्यात प्रकाश पडायला थोडा वेळ लागला. पडला तेव्हा त्यानं कपाळावर हात मारला. "आयला! म्हणजे तुम्ही इतके दिवस..."

"भरा," हेमलता म्हणाली. "दोन्ही भरा. आणि मागचा म्हणायचं."

"पुल!" पहिला बार बाजूला. "मागचा!" हात दस्त्यावरून किंचित मागे सरकला, बोट आपोआप मागच्या चापावर आलं. टिचकी. चकतीचा भुगा. परत. भुगा. एक सुटली, तिच्यावर तिनं शिवी हासडली, आणि त्यानंतरची फोडली. कोच आता ओरडायचाही थांबला होता. लागतच नव्हतं ओरडणं.

तो धावतच अप्पांकडे गेला. "काका, ऐका, काय मजा झाली! मी पुढचा म्हणतोय, आणि ताई..."

सगळी हकिकत त्यानं हातवारे करून सांगितली. एवढी हसण्यासारखी गोष्ट, पण अप्पा हसले नाहीत. हातातल्या काठीकडे बघत म्हणाले, "ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?" हेमलतानं विचारलं.

"मी नाशिकास नोकरी केली नव्हे का, तरुणपणीं. तिकडलं मराठी मजला ठाऊक आहे. हे काय म्हणतात आणि तूं काय ऐकतेस, ते पहिल्या दिवशींच कळलं."

कोचचं हसू गळून पडलं. तो उगाच काडतुसांच्या पेटीकडे गेला.

"पहिल्या दिवशी कळलं," हेमलता म्हणाली. तिचा आवाज चक्क खाली आला होता, आणि शेषगिरी असता तर त्यानं तिथून पळ काढला असता. "आणि तुम्ही खुर्चीत बसून बघत राहिलात? बोट काळंनिळं झालं माझं, अप्पा. हा माणूस मला हट्टी म्हणत होता, मी ह्याला आंधळा म्हणत होते. एक शब्द टाकायचा होता तुम्ही. एक शब्द!"

"टाकला असता तर शिकली असतीस."

"मग?"

"मग बंदूक मागितली असतीस. आपणहून नको म्हणाली असतीस तर मजला नाही म्हणावं लागलं नसतं."

घ्या! हे वडील. वयाचा मान ठेवायचा म्हणून सगळं गिळायचं, पण काही गोष्टी घशाखाली उतरतच नाहीत. शब्द दिला तो ती हरेल ह्या भरवशावर, आणि ती हरावी म्हणून तोंड शिवून बसले. ह्याला काय म्हणावं? शत्रूसुद्धा बरा, तो समोरून तरी येतो.

"मी दोन्ही चाप चालवले," ती म्हणाली. "आत्ता. तुमच्या डोळ्यांदेखत. शब्द दिला होतात."

"घराण्याची चीज घराण्यांत राहते, हेमा. तूं दुसऱ्या घरची झालीस."

"मी खालच्या मजल्यावर राहते, अप्पा! तुमची रोजची औषधं दुसऱ्या घरची देते? पाठीला तेल दुसऱ्या घरची लावते? आणि तो काचेच्या कपाटवाला, तो घराणं?"

अप्पांनी मान फिरवली. चकत्यांच्या यंत्रात काहीतरी अडकलं होतं, तिकडे बघत बसले.

पुढच्या रविवारी बालाजी सहीचा कागद घेऊन आला. बिचारा वाईट नव्हता तो, नुसता मऊ होता. "अक्का, सही कर ना. माझ्या नावावर झाली तरी घरातच राहील. हवं तेव्हा येऊन बघ."

"बघू? बघायला काय झालंय मला? मी बंदूक चालवते, बघत नाही."

"मग काय करायचं?"

"मला द्यायची. तू सही कर."

बालाजीनं अप्पांकडे पाहिलं. अप्पांनी डोळे मिटले. मग हेमलतानं तो कागद घडी घालून बालाजीच्या खिशात परत कोंबला. "नाही करणार. तुला नाही, मला नाही. जाऊ दे दुकानात."

असंच झालं. वारस ठरेपर्यंत बंदूक लायसन्सवाल्या दुकानात जमा करायची, असा कायदा सांगितला गेला. माउंट रोडच्या मागच्या गल्लीतलं जुनं दुकान. ज्याचं लायसन्स त्यानंच नेऊन द्यायची, पण अप्पांना एकट्यानं जिना उतरता येत नाही. बालाजीची मीटिंग होती. मग काय, नेणार कोण? दुसऱ्या घरची.

दुकानदारानं बंदूक उघडून नळ्यांतून उजेड बघितला. दोन खोटी काडतुसं घातली आणि तमिळमध्ये म्हणाला, "अय्या, स्प्रिंगा मोकळ्या करून ठेवू. दोन्ही चाप एकदा दाबा. शेवटी मालकानंच दाबावेत, आम्ही तसं करतो."

अप्पांनी बंदूक घेतली. नळी जमिनीकडे. बोट पुढच्या चापावर ठेवलं आणि दाबलं. चाप हलला नाही. जुनी बंदूक, चाप जड. परत दाबलं. मग दोन बोटं घालून दाबलं, तरी नाही. दुकानदारानं नजर दुसरीकडे वळवली. हेमलता बघत होती. अजून ती वाट बघत होती, खोटं कशाला बोला. एवढं झाल्यावरसुद्धा तिला वाटत होतं की आता तरी अप्पा 'तुझीच' म्हणतील.

"घे. तूं दाब," अप्पा म्हणाले.

तिनं बंदूक घेतली. पुढचा. हात मागे सरकवून मागचा. दोन स्वच्छ आवाज झाले.

"बरोबर," अप्पा म्हणाले.

"नंतर कुणाच्या नावावर होणार?" दुकानदारानं विचारलं. "न्यायला कोण येईल?"

अप्पांनी मुलीकडे पाहिलं. तिच्या हातातल्या बंदुकीकडे पाहिलं. मग म्हणाले, "मुलगा येईल."

हेमलतानं बंदूक टेबलावर ठेवली. आदळली नाही, हळू ठेवली. बंदुकीचा काय दोष? "मुलगा येईल," ती दुकानदाराला म्हणाली, "पण माझ्या सहीशिवाय त्याला ती देता येणार नाही. आणि सही मी करणार नाही. अप्पा मरेपर्यंत नाही आणि मी मरेपर्यंत नाही. इथंच राहू द्या. तेल मात्र वेळच्या वेळी लावा, नाही तर येऊन तुमच्या दुकानात उभी राहीन."

"सरी, अम्मा," दुकानदारानं घाबरून होकार भरला.

बाहेर ऊन रणरणत होतं. तिनं एक रिक्षा थांबवली. मीटर टाकणार नाही म्हणाला, त्याला चार शब्द सुनावले. अप्पांची काठी काखेत धरली, एका हातानं त्यांचा दंड पकडला, दुसरा हात पाठीला दिला आणि त्यांना वर चढवलं. ते धापा टाकत बसले. थोड्या वेळानं, तिच्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "राग गेला?"

"नाही," हेमलता म्हणाली. "जाणारही नाही. पाय आत घ्या, अप्पा."